नाव सांगा, मग औषध

३ फेब्रुवारी

आजपासून नवी खुर्ची. तीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत काढली, आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना आरोग्य खात्याने मला नशेच्या माणसांच्या औषध केंद्राचा प्रमुख करून टाकलं. बडे साहेब म्हणाले, "तिथे शिस्त नाही. तुम्ही शिस्तीचे माणूस." चला, एवढ्या वर्षांनी कुणाच्या तरी लक्षात आलं म्हणायचं.

बायकोला ही बदली मुळीच पसंत नाही. आठ दिवस एकच पालुपद: "अहो, दुसरं काहीही घ्या, पण हे नको." कारण विचारलं तर म्हणते, ती माणसं तुम्हाला झेपायची नाहीत. मी म्हटलं, तीस वर्षं मेलेल्यांच्या नातेवाइकांशी भांडलोय, आता जिवंत माणसं काय झेपायची नाहीत? ती हसली नाही. एरवी माझ्या विनोदाला निदान नाक तरी मुरडते.

केंद्र म्हणजे मंडईमागे दोन खोल्या, पाठीमागे एक कोठार आणि रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी. सकाळी साडेसहा ते नऊ रांग लागते. सिस्टर प्रत्येकाला छोट्या कपात मोजून पातळ औषध देतात, ते त्यांच्यासमोर प्यायचं. ते पोटात असलं की बाहेरची नशा करावी लागत नाही म्हणे. ज्यांचं तरीही सुटत नाही, त्यांना नव्या सुया मिळतात आणि वापरलेल्या पिवळ्या डब्यात टाकायच्या. म्हणजे व्यसन त्यांचं आणि सुई सरकारची! चोराला कंदील धरायचा, तो असा.

आणि नाव? नाव नाहीच. सिस्टरांच्या वहीत लिहिलंय: मास्तर, वाटाणा, इंजिन, काकू, सातदहा. मी म्हटलं, "सिस्टर, ही हजेरी आहे की नाटकातली पात्रं?" त्या म्हणाल्या, "नाव विचारलं की येत नाहीत, साहेब." एकशे बारा माणसं, आणि एकाचंही नाव नाही. माझ्या जुन्या खात्यात नाव नसलेल्या माणसाला मरतासुद्धा यायचं नाही.

टेबल खिडकीला लावून घेतलं, म्हणजे सगळे नजरेखाली. आमच्या तिघांचा फोटो त्यावर ठेवला. सिस्टर कप भरता भरता थांबल्या. "मुलगी का?" "हो, बालवाडीत शिकवते." "छान आहे," म्हणाल्या, आणि तोच कप पुन्हा पहिल्यापासून मोजून भरला.

५ फेब्रुवारी

सिस्टरांचं लक्ष घड्याळाकडे. मी खोदून खोदून विचारल्यावर म्हणाल्या, सातदहा तीन दिवस आली नाही. रोज बरोब्बर सात वाजून दहा मिनिटांनी यायची म्हणून ते नाव. वही उघडून बघितली. चौदा महिने, एक दिवस चुकलेला नाही! खाडा पडला तो मी आलो त्या दिवशीपासून. मी म्हटलं, "बरं झालं की, सुटली असेल." सिस्टर जरा तडकल्याच. "असं सुटत नाही, साहेब. थेंबाथेंबाने उतरवावं लागतं. एकदम तुटलं की माणूस बाहेरचं घेतो, आणि बाहेरचं कुणी मोजून देत नाही."

संध्याकाळी पाहिलं तर फोटोचं तोंड भिंतीकडे केलेलं. झाडूवालीचं काम असणार. पुन्हा सरळ केला.

घरी लेकीने सकाळचं पोहायला जाणं सोडलंय. वर्षभर रोज पहाटे उठून जात होती, आता सातला पांघरुणात. मी चिडवलं, "काय मासोळी, पाणी संपलं का तलावातलं?" तर म्हणाली, "कंटाळा आला, बाबा." तसे तिचे केसही कधी ओले दिसायचे नाहीत. आखूड आहेत, लगेच वाळतात, असं ती म्हणायची.

१० फेब्रुवारी

बड्या साहेबांपुढे योजना मांडली. खरं नाव, फोटो, अंगठा. हे तिन्ही दिल्याशिवाय औषध नाही, सुई नाही, नशा जास्त होऊन जीव घुसमटला तर नाकात मारायचा फवारा असतो तोही नाही. साहेबांनी लगेच सही केली. पाटी मी स्वतः रंगवून घेतली: "नाव सांगा, मग औषध." छान ठसठशीत झाली आहे.

सिस्टर म्हणाल्या, "फवारा तरी सोडा हो. घुसमटणारा माणूस अंगठा कसा देईल?" हा प्रश्न मला सुचला नव्हता, हे कबूल करतो. पण एका गोष्टीला सूट दिली की दहा गोष्टी मागे येतात. नियम तो नियम.

१९ फेब्रुवारी

रांग जवळजवळ निम्म्यावर आली. पासष्ट. मास्तर म्हणून एक म्हातारा यायचा. पूर्वी गणित शिकवायचा म्हणे. तो पाटीसमोर पाच मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, माझे विद्यार्थी आता या गावात डॉक्टर आहेत, वकील आहेत. माझं नाव त्यांच्या कामाचं आहे, तुमच्या नाही." नमस्कार करून गेला. अक्षर मात्र सुंदर असणार त्याचं, बोलण्यावरून वाटलं.

लेकीला सर्दी झालीय. नाक गळतंय, डोळ्यांत पाणी, अंग दुखतं म्हणते, रात्रभर पाय झाडते. तीन वर्षांपूर्वी कंबरेचं हाड मोडलं, दोन ऑपरेशनं झाली, सहा महिने मुठी मुठीने गोळ्या गिळल्या बिचारीने, तेव्हापासून थंडी सोसत नाही. बायको रात्रंदिवस तिच्या उशाशी. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू. दोघी एकदम "नको" म्हणाल्या.

२७ फेब्रुवारी

सत्तेचाळीस. महिन्याचा अहवाल पाठवला: लाभार्थ्यांच्या संख्येत अठ्ठावन्न टक्के घट. साहेबांचा फोन आला, "कमाल केलीत! एखादं ठळक उदाहरण द्या, बैठकीत सांगतो." मी सातदहाचं दिलं. चौदा महिने सरकारी औषधावर अवलंबून असलेली स्त्री, शिस्त लागू होताच कायमची मुक्त. सिस्टरांना वाचून दाखवलं. त्यांनी हातातला कप ठेवला आणि म्हणाल्या, "हे पाठवू नका." का? "पाठवू नका म्हणते ना." मत्सर, दुसरं काय. पाठवलं.

लेकीची सर्दी अचानक बरी झाली. आज हसून बोलली, गाणं गुणगुणत होती, जेवताना मात्र ताटावरच डुलकी लागली. शाळेत लहान पोरं दमवतात. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. बायको उठून आत गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

३ मार्च

चौकीतला हवालदार आला. नव्या यादीची प्रत दर सोमवारी हवी, वरून पत्र आहे. दिली. आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे? यादी बघून म्हणाला, "वा, अक्षर!" मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

६ मार्च

आज रांगेतून दोघांना उचललं. एक इंजिन. कप हातातच होता त्याच्या. म्हणाला, "एवढं पिऊ तर द्या." हवालदाराने पिऊ दिलं नाही. सगळी रांग पांगली, एका मिनिटात रस्ता मोकळा. नाव माझ्याच यादीतून घेतलं होतं. रात्री जेवण गेलं नाही. तसं बघता कायद्याप्रमाणे बरोबरच आहे.

११ मार्च

मास्तर गेला. मंडईच्या स्वच्छतागृहात सापडला, बाजूला जुनी बोथट सुई. जुन्या खात्यातल्या सहकाऱ्याने फोन केला, "तुझ्या केंद्राचा आहे का रे? नाव काय लावू?" मी म्हटलं, आमच्या नोंदणीत नाही. आणि ते खरंच आहे. आमच्या नोंदणीतला एकही मेलेला नाही, या महिन्याच्या अहवालात शून्य जाईल. त्याने "बेवारस" लिहिलं. मला त्याचे विद्यार्थी आठवत राहिले, ज्यांना मी कधी पाहिलेलं नाही.

सिस्टर कोठाराला कुलूप लावताना म्हणाल्या, "आता बाजारात जे येतंय ते पूर्वीच्यापेक्षा चौपट जहाल आहे. औषध बंद झालेल्यांची सवयही उतरलेली असते, साहेब. पूर्वीएवढं घेतलं तरी संपतात." मग माझ्याकडे बघत राहिल्या, आणि एकदम म्हणाल्या, "घरी सगळे नीट आहेत ना?" मी म्हटलं, देवाच्या दयेने उत्तम.

१६ मार्च, रविवार

रात्री लिहितोय.

दुपारी लेक न्हाणीघरातून बाहेर येईना. हाका मारल्या, दार बडवलं, शेवटी खांद्याने कडी मोडली. फरशीवर पडलेली. ओठ निळे. श्वास नाही म्हणावं इतका कमी. मी नुसता तिचं नाव घेत राहिलो. बायकोने मात्र फोन उचलला आणि दवाखान्याच्या आधी सिस्टरांना लावला. नंबर तिला पाठ होता!

सिस्टर दहा मिनिटांत स्कूटरवर आल्या. खिशातून फवारा काढून नाकात मारला. माझ्या नियमाप्रमाणे तो कुलपात असायला हवा होता. मग गालांवर चापट्या मारत म्हणाल्या, "ए सातदहा! श्वास घे. सातदहा, ऐकतेस ना? घे श्वास, माझी बाय."

तिने घेतला.

मी अजून न्हाणीघराच्या उंबऱ्यावरच आहे असं वाटतंय.

१८ मार्च

दवाखान्यातून घरी आणलं. सिस्टरांवर मी ओरडलो, "तुम्हाला माहीत होतं!" म्हणाल्या, "हो. पहिल्याच दिवशी, फोटो बघितला तेव्हा." "मग सांगितलं का नाही?" "तिला शब्द दिला होता. आणि सांगितलं असतं तर काय केलं असतंत तुम्ही?" कानाला धरून खिडकीवर आणली असती आणि पहिला अर्ज तिचाच भरला असता, आणखी काय!

बायकोला सगळं ठाऊक होतं. औषध सुरू झालं तेव्हा तीच तिला हाताला धरून घेऊन गेली होती. मला सोडून सगळ्या गावाला माझं घर माहीत.

लेकीशी बोललो. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "बाबा, मी बरी होत होते. आणखी चार-पाच महिन्यांत कपच संपला असता."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आधी विचारलं असतंत, कुठल्या तारखेपासून?"

हसू आलं आणि रडूही. मी अगदी तेच विचारणार होतो. म्हटलं, "आता होईल सगळं नीट. परवापासून औषध चालू." तिने माझा हात धरला. पाच-सहा वर्षांत पहिल्यांदा.

२० मार्च

मूर्खपणाला मर्यादा असते असं लोक म्हणतात. माझ्या मूर्खपणाला नाही.

तिला रांगेत उभं राहावं लागू नये म्हणून मी रात्री बसून तिचा अर्ज भरला. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, पत्ता, जन्मतारीख. कपाटातला शाळेच्या ओळखपत्राचा फोटो चिकटवला. वाटलं होतं, सकाळी नुसता अंगठा घेतला की झालं, औषध मी स्वतः घरी आणीन. बापाने लेकीसाठी याहून काय करावं?

सकाळी तिने तो अर्ज टेबलावर पाहिला. एवढंच विचारलं, "ही यादी सोमवारी चौकीत जाते ना?"

मी म्हटलं, "तुझं नाव शेवटी टाकीन."

देवा रे! खरंच असं म्हणालो मी. तीस वर्षं नावं लिहून लिहून दुसरं काही सुचायचंच बंद झालंय. तिने अर्ज घडी घालून ठेवला, "बरं बाबा" म्हणाली आणि केस विंचरायला गेली.

२१ मार्च

लेक घरात नाही. फोन उशीवर ठेवून गेली आहे. शाळेत गेलेली नाही.

२२ मार्च

दोन मैत्रिणी, मावशी, तिची जुनी सहकारी. कुणाकडे नाही. चौकीत जायला निघालो होतो, सिस्टरांनी रस्त्यात अडवलं. "तिथे फोटो दिलात की ती आणखी लांब जाईल." खरं आहे. ज्या चौकीला मी स्वतःच्या हाताने यादी दिली, तिथे आता पोरीला शोधा म्हणून कुठल्या तोंडाने जाऊ? दिवसभर मंडई, स्टँड, नदीकाठचं स्वच्छतागृह पालथं घातलं. प्रत्येक स्वच्छतागृहाचं दार ढकलताना डोळे मिटून घेत होतो.

तिच्या अंगात शेवटचा कप गेला त्याला सात आठवडे झाले. हिशोब मला आता सिस्टरांइतकाच येतो.

२४ मार्च

बड्या साहेबांकडे गेलो. शहरात आणखी पाच केंद्रं आहेत, निदान दुसऱ्या कुठल्या तरी खिडकीवर ती न घाबरता जाईल, एवढंच मनात होतं. साहेबांनी चहा मागवला आणि कौतुकाने एक कागद पुढे केला. परिपत्रक. माझीच योजना, माझीच पाटी, पाचही केंद्रांना लागू, गेल्या सोमवारपासून. खाली उदाहरण म्हणून सातदहा छापली होती.

मी म्हटलं, "साहेब, हे मागे घ्या. ती मुक्त झाली नव्हती. ती माझी मुलगी आहे."

साहेबांनी परिपत्रक घडी घालून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "फार वाईट झालं. पण आकडे तर खाली आलेत ना? एका घरच्या प्रसंगावरून धोरण बदलता येत नाही." हे वाक्य माझंच. बदलीच्या आधी एका बाईला मीही असंच बोललो होतो, तिच्या मुलाच्या मृत्यूच्या दाखल्यावरून. चहा तसाच टाकून निघालो. आज सोमवार, पण यादी चौकीत दिली नाही.

२५ मार्च

पाटी काढली. अर्जांचा गठ्ठा मागच्या अंगणात जाळला, आमच्या घरातला अर्जही त्यातच. सिस्टरांना म्हटलं, पूर्वीसारखं चालू करा, फवारे खिडकीवर उघडे ठेवा, कुणाला काही विचारायचं नाही. त्या म्हणाल्या, "नोकरी जाईल तुमची." जाऊ दे.

साडेसहा ते नऊ खिडकीत बसून राहिलो. एकही माणूस आला नाही. एकशे बारातला एकसुद्धा नाही. समोरच्या कोपऱ्यावर वहीतल्या काकू आल्यासारख्या दिसल्या. मी घाईघाईने हात केला, तर वळून पळाल्या.

२७ मार्च

काल दोघं आले, आज तिघं. निलंबनाचं पत्रही आज आलं. सोमवारी नवा माणूस अर्जांच्या नव्या गठ्ठ्यासह हजर होणार आहे. तोवर मी पदावर.

तिघांतला एक वाटाणा. बुटका, गोल, कधी काळी हलवायाकडे होता म्हणे. कप घेतला नाही, आधी माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, राग मानू नका. पाटी काढलीत, चांगलं केलंत. पण तुमचं तोंड अजून खिडकीतच आहे."

"मग काय करू?"

"आत जाऊन बसा. दार लावून घ्या. मी चार जणांना सांगतो."

राग आला. आयुष्यभराची खिडकी आहे माझी. मग हेही लक्षात आलं, की लेक कोपऱ्यापर्यंत येत असेल आणि मला बघून परत जात असेल.

२८ मार्च

पहाटे सिस्टरांच्या आधी पोचलो. फोटो पिशवीत घातला, कोठारात गेलो, दार लावून खोक्यावर बसलो. खिडकी नाही, फट नाही, नुसते आवाज. खिडकी उघडली, मग पहिली पावलं. कप ठेवल्याचा आवाज. सिस्टरांचं "ये रे", "बस जरा", "परवा का नाही आलास". कुणीतरी खोकलं. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा पावलं, हलकी, थांबत थांबत येणारी. घड्याळ मुद्दाम घरी ठेवून गेलो होतो, नाहीतर मी मिनिटं मोजत बसलो असतो. सिस्टर हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या. उत्तर आलं असेल तर मला ऐकू आलं नाही. उठलो, कडीला हात लावला. तसाच उभा राहिलो. मग पुन्हा खोक्यावर येऊन बसलो.

नऊ वाजता सिस्टरांनी दार उघडलं. "नऊ जण," म्हणाल्या. डोळे लाल होते, पण ते रोजच असतात. कप विसळायला लागल्या. मी पुसून ठेवले.

घरी बायको दारातच उभी. "आली होती का?"

"माहीत नाही. नऊ जण आले."

"अहो, मग विचारायचं होतंत ना सिस्टरना!"

"विचारलं असतं तर उद्या आठच आले असते."

सोमवारपर्यंत दोनच सकाळी उरल्या आहेत, हे तिलाही ठाऊक आहे. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "मग उद्याही आतच बसा."